काका, तुमची थोडी बाकी राहिलीये...

ऑफिसच्या वेळात अण्णांचा फोन येत नाही. आलाच तर दोन शक्यता. एक तर नात्यातलं कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर गॅसचं बुकिंग होत नसतं. त्यामुळे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, ऐन रिव्ह्यू मीटिंगमध्ये, स्क्रीनवर 'अण्णा' झळकलं तेव्हा पोटात गोळाच आला. बॉसकडे न बघता बाहेर सटकले.

"आईच्या ऑपरेशनचं बिल तू पूर्ण भरलं होतंस ना गं?" अण्णांचा आवाज एकदम बारीक. म्हणजे आई शेजारच्या खोलीत होती आणि तिला कळू द्यायचं नव्हतं.

"भरलं की. का हो?"

"काही नाही. हॉस्पिटलातून आलंय काहीतरी. तुला पाठवतो. सावकाश बघ, घाई नाही."

घाई नाही म्हणताना घाई किती आहे ते ऐकू येत होतं.

व्हॉट्सअॅपवर बिल येऊन पडलं. आणि बिल एकदम सॉलिड होतं, राव. वर हॉस्पिटलचा लोगो. खाली आईचं पूर्ण नाव, वय ६१, आयपी नंबर, ॲडमिशनची तारीख, डिस्चार्जची तारीख. सगळं बरोब्बर. 'टीपीए डिडक्शन, पेशंट पेएबल' म्हणून १५,७९७ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १८,६४०. त्याखाली लाल अक्षरात तीन ओळी : आज संध्याकाळी ५ पर्यंत रक्कम न भरल्यास लीगल नोटीस पाठवली जाईल, सिबिल स्कोअरवर परिणाम होईल आणि पॉलिसीधारकाच्या कंपनीला कळवण्यात येईल. शेजारी पैसे भरायला क्यूआर कोड. सोय बघा!

आता थोडा फ्लॅशबॅक. दोन महिन्यांपूर्वी आईच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. आईअण्णा साताऱ्याला असतात, पण ऑपरेशन पुण्यात केलं. कारण माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघांना घेतलंय आणि इथल्या हॉस्पिटलात कॅशलेस होतं. तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या घरी हीच व्यवस्था असणार. दर महिन्याला पगारातून प्रीमियम कापला जातो, सॅलरी स्लिप बघताना आपण एक शिवी हासडतो, आणि मग एक दिवस त्याच पॉलिसीचे पाय धरावेसे वाटतात.

कॅशलेस असलं तरी ॲडमिट होताना हॉस्पिटलने दहा हजार डिपॉझिट मागितलं. ते अण्णांनी भरलं. माझ्याकडे कार्ड होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. आदल्या दिवशी बँकेतून काढलेल्या नोटा त्यांनी काउंटरवर दोनदा मोजून दिल्या, पावती चार घड्या करून खिशातल्या डायरीत ठेवली. डायरीवर पुढे येतेच.

डिस्चार्जचा दिवस ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. डॉक्टर सकाळी नऊला "जाऊ शकता" म्हणतात आणि मग तुम्ही जाऊ शकत नाही. फाईल बिलिंगला, बिलिंगकडून टीपीएला, म्हणजे इन्शुरन्स कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधला तो कागद नाचवणारा माणूस. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलची विनंती आल्यापासून तीन तासांत फायनल मंजुरी मिळायला हवी. पण ती विनंती हॉस्पिटलमधून निघतेच कधी, हा वेगळा कादंबरीचा विषय आहे. आमचं सगळं दुपारी साडेतीनला आटोपलं. मंजुरीपत्रात ग्लव्हज, मास्क, अमुक किट, तमुक शीट असलं २,३१० रुपयांचं सामान कापलं होतं. बहुतेक पॉलिसींमध्ये या किरकोळ वस्तू बसत नाहीत, त्यांची चांगली ६८ वस्तूंची यादीच आहे. मी कार्ड घासलं. जिथे बोट दाखवलं तिथे सह्या केल्या. एका कागदाचं मथळ्यापलीकडे काही वाचलं असेल तर शपथ.

म्हणूनच ते १८,६४० चं बिल बघून डोक्यात पहिला विचार काय आला? 'फ्रॉड!' असा? छे. 'अरे देवा, राहिलं वाटतं' असा. त्या दिवशी सही केलेल्या कागदांपैकी एखाद्यावर असेल लिहिलेलं. आपणच बघितलं नसेल. ही जी आपल्या मनातली चोरटी जागा आहे ना, 'आपलंच काहीतरी राहिलं असणार', ती या लोकांना आपल्यापेक्षा चांगली माहीत असते. लॉटरी लागली म्हणून कुणी फोन केला तर आपण हसतो. पण "तुमची बाकी आहे" म्हटलं की मराठी मध्यमवर्गीय माणूस आधी ओशाळतो आणि मग पाकीट काढतो.

मी काढलंच. कबूल करते. डेस्कवर येऊन लॅपटॉपवर बिल उघडलं, फोनवरून कोड स्कॅन केला, १८,६४० टाकले. मीटिंगमध्ये परत जायचं होतं, संध्याकाळपर्यंत अण्णांच्या जिवाला घोर नको, हेच डोक्यात. पिन टाकायच्या आधी सवयीने वर नाव बघितलं. ज्याला पैसे चाललेत त्याचं बँकेतलं नाव. तिथे हॉस्पिटलचं नाव नव्हतं. हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टचंही नव्हतं. एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं होतं.

पित्ताशयाचं ऑपरेशन आणि मोबाइल कव्हर?

बॅक दाबलं. हात गार पडले होते. सहा आकडी पिन आणि मी, मध्ये फक्त एक ओळ होती. ती ओळ आपण रोज भाजीवाल्याकडे न वाचता पुढे ढकलतो.

मग शांतपणे ते बिल परत वाचायला घेतलं आणि जसजसं वाचत गेले तसतशी स्वतःचीच कीव येत गेली. पहिली गंमत जीएसटीची. हॉस्पिटलच्या उपचारांवर जीएसटी नसतो. अपवाद आहे तो खोलीच्या भाड्याचा, तोही दिवसाला पाच हजारांच्या वर भाडं असेल तर आणि आयसीयू सोडून. १८ जुलै २०२२ पासून तो ५ टक्के लागतो. आईची खोली होती ट्विन शेअरिंग, भाडं पाच हजारांच्या कितीतरी आत. आणि 'टीपीए डिडक्शन' ही काय वस्तू आहे की सेवा, म्हणून तिच्यावर १८ टक्के? बिलावरचा जीएसटी नंबरही ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. ०७ म्हणजे दिल्ली. आईचं पित्ताशय पुण्यातच होतं याची मला पक्की आठवण आहे.

पण इथे एक सांगून ठेवते. नंबर २७ ने सुरू होत असता, पोर्टलवर टाकून हॉस्पिटलचंच नाव आलं असतं, तरी बिल खरं ठरलं नसतं. खऱ्या बिलावरून नंबर उचलायला काय लागतं? लोगो उचलला तसा तोही उचलायचा. चुकीचा नंबर म्हणजे बिल नक्की खोटं. बरोबर नंबर म्हणजे... काहीच नाही.

दुसरं, सिबिल. हा शब्द ऐकला की होम लोन काढू पाहणाऱ्या आपल्या पिढीची बोबडी वळते. अहो, पण हॉस्पिटल म्हणजे काही कर्ज देणारी बँक नव्हे. बिल ईएमआयवर केलं असेल आणि हप्ता चुकवला तर त्या फायनान्स कंपनीमार्फत स्कोअरला धक्का बसेल. काउंटरवरच्या बाकीने नाही. आणि तिसरं, मेसेज आला होता साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून, डीपीला लोगो लावून. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलचे जे खरे एसएमएस आले होते त्यांच्यावर नंबर नव्हता, अक्षरी नाव होतं आणि शेवटी डॅश देऊन 'एस'. मे २०२५ पासून अशा मेसेजच्या नावापुढे हे शेपूट असतं. एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शन, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. माझ्या रूममेटला हे पाठ आहे. मला त्या दिवशी कळलं.

एवढं सगळं वाचून झाल्यावर खरं तर गप्प बसायचं. पण डोकं फिरलं होतं. बिलावर 'बिलिंग डिपार्टमेंट' म्हणून जो नंबर होता तो लावला.

"नमस्कार मॅडम, अकाउंट्समधून बोलतोय." एकदम गोड, शुद्ध मराठी. मला वाटलं होतं तुटकी हिंदी असेल. नव्हती. मागे कीबोर्डचे आवाज, कुणीतरी "एकशे बाराचं बिल झालं का" असं विचारतंय. म्हणजे पूर्ण सेट लावलेला!

"मी हॉस्पिटलच्या जवळच आहे," मी ठोकून दिलं. "काउंटरवर येऊनच भरते. कितव्या मजल्यावर बसता?"

दोन सेकंद शांतता. "मॅडम, काउंटरला हे अकाउंट दिसणार नाही. हे टीपीएचं वेगळं असतं. ऑनलाइनच घेतो आम्ही."

"मग तिथे येऊन, तुमच्यासमोर ऑनलाइन भरते."

फोन कट. पुन्हा लावला तर उचलला नाही.

हा माझा शोध मी तुम्हाला फुकट देतेय. कुणी बाकी मागितली की "येऊन भरते" म्हणायचं. ज्याला खरंच पैसे येणं आहे तो पत्ता सांगतो, जिना डावीकडे की उजवीकडे तेही सांगतो.

तरी मनात किडा होताच. बिल खोटं, पण बाकी खरी असली तर? म्हणजे चोराने खऱ्या बाकीचा वास घेऊन खोटं बिल केलं असलं तर? हे फक्त एका ठिकाणी कळणार होतं. हॉस्पिटलचा नंबर नेटवर शोधणार होते, पण रूममेटने अडवलं. नेटवर आणि मॅपवर सुद्धा लोक स्वतःचे नंबर घुसवून ठेवतात म्हणे, बँकांच्या कस्टमर केअरच्या नावाने हे कितीदा झालंय. नंबर घ्यायचा तो आपल्याकडच्या जुन्या कागदावरून. डिस्चार्ज कार्ड, पहिल्या दिवशीची पावती, काहीही, पण भांडण सुरू व्हायच्या आधी छापलेलं. आमची निळी फाईल कपाटावर सापडली. फोन मात्र "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" याच्या पुढे जाईना. शेवटी हाफ डे टाकला.

बिलिंग काउंटर. टोकन ८७, चालू होतं ५२. समोर भिंतीवर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांनुसार हे दर्शनी भागात लावावं लागतं. लावलं होतं. त्याच्या पुढ्यात रबराचं झाड ठेवलं होतं. पस्तीस टोकनं वेळ होता, मग मी झाडाची पानं बाजूला करून वाचलं आणि तोवर निळ्या फाईलमधलं आमचं खरं बिलही पहिल्यांदाच वाचून काढलं. ओळ न ओळ. 'डाएटिशियन व्हिजिट' तीनदा लावली होती. त्या बाई एकदाच आल्या होत्या, मूगडाळीची खिचडी सांगून गेल्या. आता पैसे इन्शुरन्सने भरलेत, आपलं काय जातंय, असं वाटतं ना? जातं. तेवढी वर्षाच्या कव्हरमधून वजाबाकी होते, आणि त्याच कव्हरवर अण्णांचा गुडघा अजून बाकी आहे. बिल खरं असलं म्हणून बरोबर असतं असं नाही.

माझा नंबर आला. काउंटरवरच्या मॅडमनी मान वर न करता आयपी नंबर विचारला, टाइप केला, आणि म्हणाल्या, "आउटस्टँडिंग झीरो."

"नक्की?"

"झीरो. उलट तुमचे दहा हजार आहेत आमच्याकडे. डिपॉझिट. टीपीएचं पेमेंट येऊन पाच आठवडे झाले. रिफंड घेतला नाही तुम्ही?"

मी बघतच राहिले. कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. फ्लॅटच्या डिपॉझिटवर याच पानावर मागे एवढं तावातावाने लिहिलं होतं, आणि वडिलांनी दोनदा मोजून दिलेले दहा हजार विसरून गेले होते! चोराला आमच्या बाकीची आठवण होती. हॉस्पिटलला आमच्या रिफंडची नव्हती.

"डिपॉझिटची ओरिजिनल पावती आणि कॅन्सल्ड चेक लागेल," मॅडम म्हणाल्या.

मग मी ते खोटं बिल दाखवलं. त्यांचा चेहरा बदलला. शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली, दोघांनी बघितलं. "या आठवड्यातलं हे तिसरं," असं तो हळूच म्हणाला आणि त्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प. आयपी नंबर बाहेर कसा गेला, या प्रश्नाला "आमच्याकडून नाही जात, मॅडम" हे उत्तर तीनदा मिळालं. लेखी तक्रार दिली, पोच घेतली, डाएटिशियनचं त्याच कागदावर दुसऱ्या परिच्छेदात टाकलं. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांतच दीड वर्षाची मुदत दिलीये. तोवर पोच जपून ठेवायची.

पण खरं सांगू? बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना आठवलं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी स्वतः फॅमिली ग्रुपवर टाकला होता. 'आई घरी आली', तीन हार्ट. ग्रुपवर ४१ माणसं. त्यातली निम्मी मला लग्नातसुद्धा ओळखू येणार नाहीत. कार्डाची झेरॉक्स काढताना दुकानदाराच्या मेलवरही पाठवला होता. त्यामुळे हॉस्पिटलने फोडलं असं छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. त्यांनी नाही फोडलं, असंही नाही.

रिक्षातूनच अण्णांना फोन लावला. मूड एकदम सही.

"अण्णा, बोगस आहे! अख्खं बिल बोगस. आणि ऐका, उलट आपलेच दहा हजार हॉस्पिटलकडे आहेत!"

पलीकडे काहीच नाही.

"हॅलो? अण्णा?"

"मग ते चार हजार आठशे साठ कुणाला गेले?"

आता इथे अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अण्णा ३१ वर्षं एसटीत होते, डेपोच्या रोकड विभागात. रात्रीच्या शेवटच्या गाड्या आल्या की कंडक्टर वेबिल आणि पैशांची बॅग घेऊन खिडकीशी उभे राहायचे, आणि अण्णा तिकिटं आणि रोकड जुळवायचे. एक रुपया कमी असला तरी त्यांना वासाने कळतो, असं डेपोत म्हणायचे. घरी दूधवाल्याची वही तेच तपासतात. त्यांना फसवणं सोपं नाही. निदान मी तसं समजत होते.

शुक्रवारी पहिला फोन आला होता. "काका, तुमची थोडी बाकी राहिलीये. फार्मसीचं ४,८६०." आईचं नाव, वॉर्ड, ऑपरेशनची तारीख सगळं सांगितलं. अण्णांनी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? तर म्हणाला, काका, तुमच्या मुलीने गडबडीत सही केली आणि गेल्या. आता हे अनपेड राहिलं तर क्लेममध्ये गैरव्यवहार म्हणून त्यांच्या कंपनीत एचआरला मेल जातो. मी आधी तुम्हाला फोन केला. मुलगी चांगल्या कंपनीत आहे, कशाला उगाच...

अण्णांनी तिथल्या तिथे भरले. मला न सांगता. ते गेले, म्हणून तर मंगळवारी मोठं बिल आलं. चार हजारांचा गळ टाकून बघायचा, लागला की मग अठरा. मंगळवारी १८ हजार खात्यात नव्हते म्हणून मला फोन. शिवाय त्याने अण्णांना 'फायनल बिल' म्हणून एक फाईल पाठवली होती, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके'. बिल पीडीएफ असतं, कागद असतं, फोटो असतो. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप, आणि असली ॲप आत शिरली की एसएमएस आणि ओटीपी वाचत बसतात. अण्णांनी ती तीनदा उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही, कारण फोनची मेमरी फुल्ल होती. सकाळी सकाळी येणारे फुलं, सूर्योदय, वारकरी आणि 'शुभ सकाळ'चे ते हजारो फोटो, ज्यांच्यावरून मी त्यांच्याशी वर्षभर भांडतेय, त्यांनी त्यांचं बँक खातं वाचवलं. हा माझा जाहीर माफीनामा समजा.

पण तो माफीनामा आज. त्या दिवशी रिक्षात मी ओरडले. "अण्णा, आयुष्यभर कंडक्टरांच्या बॅगेतला रुपया शोधलात आणि आता एका फोनवर... मला एक फोन करता येत नव्हता?" रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "तुझं नाव खराब होईल म्हणाला तो. ऑफिसात."

बस्स. एवढंच.

मी पुढचं काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. चार तासांपूर्वी मीसुद्धा त्याच क्यूआर कोडवर पिन टाकायच्या बेतात होते, आणि मी तर रोज ऑफिसमध्ये 'सायबर अवेअरनेस'च्या त्या पकाऊ क्विझमध्ये शंभरपैकी शंभर घेते.

घरी येऊन १९३० लावायला सांगितलं. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तिथे बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर, रक्कम, वेळ आणि बँक सांगितली की ती तक्रार पैसे ज्या बँकेत गेले तिथपर्यंत पोचवली जाते, आणि पैसे अजून खात्यात असतील तर रोखून धरले जातात. 'असतील तर' हे महत्त्वाचं. हे पैसे तासातासाला या खात्यातून त्या खात्यात उड्या मारतात. आमचे चार दिवस गेले होते. चार दिवस अण्णा गप्प होते कारण त्यांना वाटत होतं आपण देणं फेडलंय, आणि त्यानंतर अर्धा दिवस गप्प राहिले असते कारण लाज वाटत होती. शेवटी मी कॉन्फरन्सवर राहिले, अण्णांनी बोलायचं. त्यांनी रेफरन्स नंबर असा खणखणीत वाचला की जणू तिकिटांचा सीरियल नंबर वाचतायत. तक्रार क्रमांकाचा एसएमएस आला. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन लेखी अर्जही दिला, ब्रँच मॅनेजरकडून पोचेवर शिक्का घेऊन आले. बँकेने आधीच सांगितलं, काका, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे बँकेकडून भरपाई अवघड आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर बरंचसं संरक्षण मिळतं. आपल्या हाताने दिलेल्या पैशांचं गणित वेगळं. हे लिहीपर्यंत ४,८६० काही परत आलेले नाहीत.

आईला काय सांगायचं यावर आमचं दोघांचं एकमत होतं : काहीच नाही. तिला तिसऱ्या दिवशी कळलं. अण्णांची डायरी तिने वाचली. त्यात ते रोजचा खर्च लिहितात, दूध, औषधं, रिक्षा. त्या शुक्रवारी 'हॉस्पिटल बाकी ४,८६०' असं लिहिलेलं खोडून वर लाल शाईने 'चोरी' लिहिलं होतं. आईने मला फोन केला आणि म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. जेवत नाहीयेत नीट. आणि माझ्या ऑपरेशनचं मला कुणी विचारायचंच नाही, असं ठरलंय का तुमचं? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. फार्मसीचं बिल त्या दिवशी खाली मी उभं राहून तपासलं होतं." खरंच तपासलं होतं. ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेली बाई, सलाइनची पट्टी हाताला, फार्मसीच्या खिडकीशी उभी. अण्णा तेव्हा रिक्षा बघायला गेले होते आणि मी सह्या करत होते.

डिपॉझिटची ओरिजिनल पावती त्याच डायरीत निघाली. चार घड्या तशाच. अण्णा ती आणि कॅन्सल्ड चेक घेऊन स्वतः पुण्याला आले. कुरियर नको म्हणाले. शिवशाहीने नाही, साध्या लाल गाडीने. काउंटरवर टोकन घेतलं, रबराच्या झाडाची पानं बाजूला करून दरपत्रक वाचलं, आणि मॅडमना विचारलं, "रिफंडची पोच?"

या सोमवारी ऑफिसच्या वेळात पुन्हा फोन. ११ वाजून १० मिनिटं.

"अगं, मेसेज आलाय. दहा हजार जमा झाले म्हणतोय. अक्षरी नाव आहे, शेवटी एस आहे."

"मग खराच असणार, अण्णा."

"असणार म्हणजे?"

"म्हणजे... खरा आहे."

"नको. मी बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो. तोवर आईला काही सांगू नकोस."

मागून आईचा आवाज आला, "सांगितलंय म्हणावं मला सगळं. आणि येताना कोथिंबीर आणा."